तिसरा मोजा

माझी सासू पोरीवर काहीतरी करतीय, हे मला पयल्यांदा कळलं ते मोज्यावरनं.

थांबा, नीट सांगते, न्हायतर म्हणाल बाईचं डोकं फिरलंय. मी शाइस्ता. माहेर करकंब, सासर सोलापूर. सासरी दखनी बोलतात, पण माझं तोंड करकंबचं, ते मराठीच ऱ्हायलं. नवरा हारून युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर. मी घरी बसून काज-बटण करते आणि ट्युनिकच्या, प्यांटीच्या खालच्या दुमडीला हातशिलाई घालते. एकच पोरगी, माहेनूर. सात वर्षांची, दुसरीत. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली न्हाय. जे ऱ्हायलंय त्याला आमी घरात टोक म्हणतो, आणि त्यावर जो चढवायचा त्याला पाय.

पाय चढवायच्या आधी टोकावर मोजे घालायचे, एकावर एक तीन. पाय बनवणाऱ्या महेश्वरदादांनी आकडाच घालून दिलाय. "तीन म्हणजे तीन, ताई. पाय सैल झाला किंवा घट्ट झाला तर मला येऊन भेटा, मनानं कमी-जास्त करू नका." रोज संध्याकाळी ते तिन्ही मोजे मी हातानं धुते. सोलापुरात थंडीतबी पायाला घाम, मोजे पिळले की नाकाला पदर लावावा लागतोय.

तर दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झालेली. मोजे धुवायला घेतले आणि तिसऱ्याला वासच न्हाय! चुरगाळलेला व्हता, मळलेला व्हता, पण घाम न्हाय. म्हणलं आज चालली नसंल जास्त. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मोरीत बसून मी येड्यावानी मोजे हुंगत व्हते.

शेजारची चन्नम्मा माझ्याच बरोबर काज-बटण करती. तिला सांगितलं तर तिनं सुई खाली ठेवली आणि आवाज बारीक केला. "घामाचा कपडा लागतोय बाई असल्या कामाला. घामाचा नेला असंल आणि बदली दुसरा ठेवला असंल. तुज्या घरात तिसरी बाई कोण हाय, सांग की."

तिसरी बाई म्हणजे माझी सासू, चांदबी.

खोटं कशाला बोलू, सासूवर माझा राग चार वर्षांचा व्हता. माहेनूर तीन वर्षांची असताना मी तिला सासूकडं ठेवून कारखान्यात गेले. एकदाच भरवसा ठेवला. सासू कांद्याच्या गाडीवर भाव करत उभी ऱ्हायली, पोरगी तिच्या पाठीमागं, आणि टेंपो उलटा मागं आला. त्या दिवसापासनं सासू मला एक शब्द उलटा बोलली न्हाय आणि मी तिला एक शब्द सरळ. वर तिला दवाखान्याचं वावडं. प्रत्येक ऑपरेशनला तिचं एकच, "कित्ते बार काटते गे बच्ची कू." मागच्या साली मला न विचारता कुटल्या तरी बाबाचा तावीज पोरीच्या गळ्यात बांधला. मी तिच्या देखतच कात्रीनं कापून टाकला. मंग सांगा, संशय घेऊ नको तर काय करू?

आणि मला भ्या कशाचं व्हतं ते ऐका. डॉक्टरांनी मला आणि हारूनला समोर बसवून सांगितलेलं. "लहान मुलांचं हाड वाढत राहतं, कातडी तेवढी वाढत नाही. हाडाला अणी येते, ती आतून टोचते. तेवढी कापून पुन्हा शिवायचं. मुलीची वाढ संपेपर्यंत हे चालणार." दोन ऑपरेशनं झालीत तशी. "पाय घट्ट व्हायला लागला, कातडी लाल दिसली, की त्याच दिवशी घेऊन या. हाड कातडी फाडून बाहेर आलं आणि जंतू वर चढला तर गुडघा राखता येणार नाही." गुडघा! चार वर्षं माझ्या डोक्यात दुसरा शब्द न्हाय. गुडघा हाय म्हणून ती पळती, जिना चढती, शाळेत लंगडी खेळती आणि वर म्हणती, "मला सराव हाय." गुडघा गेला तर हे सगळं गेलं.

म्हणून मी दर महिन्याला पोरीची उंची बगायची. टेपनं न्हाय, ट्युनिकनं. जूनमध्ये मीच तो शिवला, खाली चार बोटं दुमड ठेवून, घेर गुडघ्याखाली बरोब्बर दोन बोटं. पोरगी उंच झाली की घेर आपसूक वर चढणार. भिंतीवरची खूण पुसती, टेप सैल धरला जातो, माणूस तर खोटं बोलतंच. कापड खोटं बोलत न्हाय, असं आमच्या धंद्यात म्हणतात, आणि त्या म्हणण्यावर माझा पुरा भरवसा. महिन्याच्या पयल्या रविवारी तिला उभी करायची, बोटं लावायची. दोन भरली की मुका घ्यायची. "वाढली न्हाय! शाब्बास माझी राणी!" मंग राजगिऱ्याचा लाडू ठरलेला.

जून झाला, जुलै झाला, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. दोन म्हणजे दोन बोटं. आधी बरं वाटलं. मंग एक दिवस चन्नम्माची नात बगितली, माहेनूरच्याच वर्गातली, ताडमाड झालेली. पाच महिन्यांत आमची सुतभर वाढली न्हाय, हे काय गौडबंगाल? जेवायलाबी कुरकुर करायची. डबा अर्धा परत. विचारलं की "पोट भरलं."

आणि सासूशी गुलूगुलू. सासूच्या डोळ्यात मोतीबिंदू, तिला सुईचं नाक दिसत न्हाय, पण वाकळ शिवल्याबिगर करमत न्हाय. हातानं चाचपून टाके घालती. शाळेतनं आली की माहेनूर तिला धा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची आणि तितंच तिच्या मांडीला चिकटून बसायची. मी चहा घेऊन गेले की दोघी गप्प. का गप्प? आजी-नातीच्या गोष्टी आईनं ऐकू नयेत अशा असतात का कुटं?

मंग पावडर. टोकाला ती पावडर थापायला लागली, सकाळ-संध्याकाळ, भिंतीला चुना मारावा तशी. "घाम येतोय अम्मी, दादीची पावडर हाय." दादीची म्हणल्यावर माझे कान उभे ऱ्हायले. डब्बी उघडून हुंगली, चिमूटभर जिभेवर ठेवली, त्यात कुणाचा अंगारा-बिंगारा मिसळलाय का म्हणून. नुसती पावडर व्हती, गुलाबाच्या वासाची. पण टोक पुसून बगावं, हे काय माझ्या डोक्यात आलं न्हाय. पोरगी म्हणायची दुखत न्हाय आणि मी डब्बीच्या मागं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी ट्युनिक इस्त्री करायला उलटा केला आणि हातच थांबला. दुमडीवरचे टाके माझे न्हवते.

हातशिलाई म्हणजे माणसाचं अक्षर असतंय. माझा टाका बारीक आणि उजवीकडं झुकलेला, पंधरा वर्षं तोच. हा टाका डावीकडं झुकलेला, लांब-आखूड, जणू डोळे झाकून घातलेला. आमच्या घरात डाव्या हातानं शिवणारी बाई एकच. एका क्षणात मला सगळं दिसलं: घामाचा मोजा, पावडर, गुलूगुलू, आणि आता दुमड उघडून आत काहीतरी शिवलंय. गळ्यातला तावीज मी कापला म्हणून बाई शहाणी झाली, आता कपड्यात लपवती!

कात्री घेतली आणि दुमड उसवायला लागले. आत काय न्हाय. परत चाचपलं. कागद न्हाय, दोरा न्हाय, काय न्हाय. म्हणजे काम झाल्यावर काढून घेतला. माझ्या डोक्यात तेच आलं.

सासू आतल्या खोलीत खाटेवर वाकळ घेऊन बसलेली. हातातली कात्री तशीच वाजवत मी ट्युनिक तिच्या मांडीवर फेकला. "अम्मा, काय घातलं व्हतं ह्यात? खरं सांगा. माझ्या पोरीची वाढ कुणी बांधली?"

ती दचकली. मंग तिनं कापड उचललं आणि न उसवलेल्या भागावरनं बोट फिरवलं. हळूहळू, एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत. मधेच थांबली. दारात माहेनूर उभी व्हती, भिंतीला धरून. सासूला माणसाची नुसती सावली दिसती, पण तिनं तोंड दाराकडं वळवलं. मंग माझ्याकडं.

"मैंच करी," ती म्हणाली. "मैंच मारी टाके."

"कायकू?"

"ऐसेच."

ऐसेच! मी काय काय बोलले ते आता तोंडातनं काढवत न्हाय. कांद्याची गाडीबी काढली. हारून मधे पडला तर त्यालाबी म्हणलं, हितं एक तर ह्या ऱ्हातील न्हायतर मी. नणंद दुधनीला हाय, तिच्याकडं जाऊ दे. चारच्या एसटीला हारून तिला घालून आला. निघताना उंबऱ्यात तिनं माझा दंड धरला. "बच्ची कू मारू नक्को गे." मला असा संताप आला! मी कशाला मारीन माझ्या पोरीला? पोरीचा पाय गेला कुणामुळं आणि मला सांगतंय कोण.

ती गेल्यावर मी ट्युनिकची दुमड परत घातली. घडी जिथं व्हती तिथंच, माझ्या उजव्या टाक्यांनी. आजवर हजारो दुमडी मारल्यात मी. नुसत्या नजरेनं सांगते, ही साडेतीन बोटं, ही चार. त्या दिवशी मी मोजली न्हाय. मी तावीज शोधत व्हते.

आठ दिवस घर शांत. मी खूश व्हते, पण तिसऱ्या मोज्याला घाम न्हवताच, आता तर दुसऱ्यालाबी न्हाय. म्हणलं, केलेल्याचा असर लगेच कसा जाईल. माहेनूर मात्र आजीच्या रिकाम्या खाटेवर जाऊन बसायची. उशीला धा सुया तशाच ओवलेल्या. कमी बोलायची, कमी खायची. पाय जरा ओढत चालती असं एकदा वाटलं, तर म्हणाली, "खेळताना मुरगळला, दुसरा पाय." मी दुसऱ्या पायाला तेल चोळलं.

पुढच्या, महिन्याच्या पयल्या रविवारी इस्त्रीला ट्युनिक उलटा केला.

डावे टाके.

माझे टाके गेलेले आणि त्या जागी तेच, डावीकडं झुकलेले, लांब-आखूड. सासू तर दुधनीला! पयल्यांदा मनात आलं ते चन्नम्माचं, घराची चावी तिच्याकडं असती. तुमी हसाल, पण मी उठून दारापर्यंत गेले व्हते. मंग खाटेकडं नजर गेली. उशीला नऊच सुया व्हत्या.

मी परत बसले आणि गळ्यातला टेप काढला. दुमड मोजली. चार बोटांची दुमड अडीच बोटांवर आली व्हती. कापड उजेडात धरलं तर जुन्या घड्यांच्या रेघा, एकीखाली एक, एकीखाली एक. महिन्याला एक. कापड खरंच खोटं बोलत न्हवतं. त्यावर सगळं लिहिलेलं व्हतं, मीच वाचलं न्हाय.

"माहेनूर!"

आली. मी बोलायच्या आधीच तिनं ट्युनिक बगितला आणि तिचं तोंड एवढंसं झालं. तिला खाली बसवली, पाय काढला. मोजा एकच. बाकीचे दोन तिच्या खिशात, मुठीत चुरगाळून चुरगाळून मळलेले. ओल्या फडक्यानं टोकावरची पावडर पुसली. खाली कातडी लालभडक, ताणून चकाकणारी, आणि मधोमध हाडाचा पांढरा ठिपका. त्याच्या कडेनं पाणी येत व्हतं.

माझा हात वर गेला. व्हय, गेला. त्या पोरीनं नुसते डोळे मिटून घेतले. आणि मला उंबऱ्यातलं सासूचं बोलणं आठवलं. तो हात मी माझ्याच तोंडावर दाबून धरला.

"मी वाढले न्हाय अम्मी," ती डोळे मिटूनच म्हणाली. "खरंच. थोडीच वाढले."

"कुणी सांगितलं तुला असं करायला? दादीनं?"

"न्हाय. दादीला म्हाईतबी न्हाय. तूच म्हणलीस."

मी! मला आठवना. मंग आठवलं. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी, वॉर्डात, ती उलट्या करत व्हती आणि मी रडत, चिडत तिचं तोंड पुसत व्हते. "किती वाढशील गं बाई! वाढूच नको आता. हाय एवढीच ऱ्हा." माणूस बोलतं तसं बोलले व्हते. आणि मंग दर महिन्याला शाब्बास, दर महिन्याला लाडू. पोरगी डबा अर्धा वर्गात वाटून टाकायची, म्हणजे वाढणार न्हाय. तरी वाढायची, तर दुमड सोडायची. पाय घट्ट झाला की एक मोजा काढायची, मंग दुसराबी. पाच महिने सात वर्षांचं लेकरू दुखणं गिळून मला खूश ठेवत व्हतं.

हारूननं रिक्षा आणली, आमी तशाच दवाखान्यात. डॉक्टरांनी टोक बगितलं आणि माझ्याकडं बगितलं. "आठ दिवस आधी आणायला काय झालं होतं? कातडी नुकतीच फाटलीय. जंतू किती वर गेलाय ते आत बघितल्यावरच सांगेन." गुडघ्याचं मी विचारलं. ते म्हणाले, "आता विचारू नका." फॉर्मवर सही करताना माझं नाव मला लिहिता येईना.

हारूननं दुधनीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन चालू असताना सासू आली, नणंदेचा हात धरून, चाचपत. माझ्या शेजारी बाकड्यावर बसली. मंग मीच म्हणलं, "अम्मा, तुमाला कळलं व्हतं ना, टाके कुणाचे ते?"

"हाथ लगाई तो समझी. मैंच सिकाई ना उसकू." तिला वाटलं व्हतं, पोरीनं खेळता खेळता शिवायचा नाद म्हणून दुमड उसवली. पुढचं तिला दिसत न्हवतं. दिसणारी मी व्हते.

"मंग स्वतःवर का घेतलं? मला सांगायचं की!"

सासूनं माझा हात हातात घेतला. चार वर्षांत पयल्यांदा मी तो ओढून घेतला न्हाय.

"तेरे हाथ में कैंची थी गे," ती म्हणाली.

मला तितंच रडू फुटलं. बाकड्यावरची माणसं बगत व्हती, बगू देत. मी तिच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि ती माझ्या पाठीवरनं हात फिरवत ऱ्हायली. माफी मागितली का? मागितली. तिनं नुसतं "चुप, चुप" केलं.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. मास्क खाली ओढून म्हणाले, "गुडघा राहिला. पण या वेळी थोडक्यात."

तिसऱ्या दिवशी माहेनूर जरा सावध झाली. सासूला खाटेच्या पायथ्याशी बसलेली बगून हसली. मंग माझ्याकडं वळली आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "अम्मी, आता किती दिवस वाढायचं न्हाय?"

पिशवीतनं ट्युनिक काढला. सोबत आणलाच व्हता. हारून म्हणत व्हता दवाखान्यात कशाला, पण मला म्हाईत व्हतं कशाला. तिच्या देखत दुमडीचा एकूण एक टाका उसवला. घेर सगळा सोडला, उरलेली अडीचच्या अडीच बोटं, शेवटपर्यंत. मंग तिच्याकडं सुई दिली. तिनं ओवली, दादीला दिली. दादीनं काठाला जेमतेम सुतभर मुडपून डाव्या हातानं टाके घालायला घेतले. चांगले येत व्हते.

"लई लांब झाला गं," माहेनूर म्हणाली. "बाई ओरडतील."

"ओरडू दे. तू वाढ तितवर."

ती त्या घेराकडं बगत ऱ्हायली. मनात काहीतरी मोजत व्हती. मंग तिनं माझ्याकडं असं बगितलं, अगदी माझ्यासारखं, एकेका शब्दावर संशय घेत.

"आणि त्याच्याबी वर गेले तर?"

"तर नवा शिवीन की," मी म्हणलं.